शालूआत्याचा पूर नियंत्रण कक्ष

पावसाळ्यात आमच्या घराण्यापुरती दोन हवामान खाती चालू असतात. एक पुण्याच्या सिमला ऑफिसातलं, सरकारी. दुसरं सांगलीच्या गावभागात, शालूआत्याच्या माजघरात, खासगी आणि चोवीस तास. सरकारी खात्याचा अंदाज चुकला की लोक हसून मोकळे होतात. आत्याच्या अंदाजाला हसायची सोय नाही. तिचा अंदाज एकच असतो, ‘काहीतरी होणार’, आणि एवढ्या मोठ्या गोतावळ्यात तो कुणाच्या ना कुणाच्या बाबतीत खरा ठरतोच. कुणाला नुसतं पडसं झालं तरी ती ते आपल्या खात्यावर जमा करून घेते.

अशी माणसं घरोघर असतात. बातम्यांत ‘बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा’ म्हटलं की तुम्हाआम्हाला उपसागर दिसतो. यांना चेन्नईतली पुतणी दिसते, ती दुचाकीवरून क्लासला निघालेली. नातेवाईक राहतात तेवढाच यांचा देश. ओडिशात आमचं कुणी नाही. त्यामुळे १९९९ चं महाचक्रीवादळ आत्याने पेपरात वाचलं, हळहळली, मदतनिधीला पैसे पाठवले आणि जेवायला बसली. पण चिपळूणला कमलआत्याकडे नुसते दिवे गेले तरी तिच्या घशाखाली घास उतरत नाही. हा स्वार्थ नव्हे. काळजीला पत्ता लागतो, एवढंच.

तसं पाहिलं तर काळजी करणारी मंडळी अडाणी असतात, म्हणजे विषयापुरती. त्यांना मिलिमीटर कळत नाहीत, त्या नुसत्या ‘बाई गं’ म्हणतात. आत्याची गोष्ट वेगळी, कारण तिची नोकरीच पाटबंधारे खात्यात गेली. पावसाळ्यात तिथे पूर नियंत्रण कक्ष उघडायचा आणि धरणांवरून फोनने येणारे आकडे तक्त्यात भरायचं काम तिच्याकडे असायचं. कोयनेचा साठा १०५ टीएमसी, आलमट्टीचा १२३, हे तिला पाढ्यांसारखं पाठ. टीएमसी म्हणजे हजार दशलक्ष घनफूट हे ती भाजी निवडता निवडता सांगते आणि ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही तर पुन्हा सांगते. निवृत्त झाली तेव्हा खात्याने तिला शाल-श्रीफळ दिलं. कक्ष तिने स्वतःच घरी आणला.

कक्षाचं मुख्य दप्तर म्हणजे एक लांबडी वही. तिच्यात लाल शाईने रकाने आखले आहेत: नाव, गाव, जवळची नदी किंवा समुद्र, मजला, शेजाऱ्याचा फोन, शेरा. माझ्या नावापुढे लिहिलंय: ‘पुणे, कोथरूड. मुठा. चौथा मजला.’ शेजाऱ्याच्या जागी आमच्या सोसायटीच्या वॉचमनचा नंबर आहे. तो तिला कसा मिळाला हे मी विचारलेलं नाही. एकदा रात्री घरी येताना गेटवरच वॉचमनने थांबवलं आणि सांगितलं, “साहेब, सांगलीच्या आत्यांचा फोन आलता. पार्किंगमध्ये पाणी नाही असं मी सांगितलंय त्यांना.” वर गेलो तर आत्याचा मलाही फोन आला, “पार्किंगमध्ये पाणी आहे का रे?” दोन स्वतंत्र ठिकाणांहून आकडा जुळल्याशिवाय तक्त्यात भरायचा नाही, ही खात्याची शिस्त.

शेऱ्याचा रकाना कुणी सहसा बघू नये. माझ्यापुढे ‘फोन उचलत नाही’ आहे. मुंबईच्या दीपकपुढे ‘खोटं बोलतो (भुरभुर)’.

या भुरभुरीची कथा सांगायलाच हवी. २६ जुलै २००५ ला दुपारी आत्याने दीपकला फोन केला. तो तेव्हा फोर्टात नोकरीला आणि राहायला कलिन्याला. “काही नाही गं आत्या, भुरभुर आहे नुसती,” असं तो म्हणाला आणि खरं तेच म्हणाला, कारण त्या चोवीस तासांत कुलाब्याला ७५ मिलिमीटरही पाऊस झाला नाही. सांताक्रूझला झाला ९४४. म्हणजे माणूस ऑफिसात कोरडा आणि घर पाण्याखाली. दीपक संध्याकाळी निघाला, गाडी मध्येच थांबली, मग तो रुळांवरून चालला, रात्र एका शाळेच्या व्हरांड्यात काढली आणि त्याचा आवाज सांगलीला पुन्हा ऐकू आला तो दोन दिवसांनी. मधल्या काळात आत्याने काय केलं? कक्षात बसून कृष्णेचे आकडे भरले, कारण इकडेही पूर चढत होता, आणि घरी येऊन देव पाण्यात ठेवले. म्हणजे खरोखरच ठेवले: ताम्हनात पाणी, त्यात बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा. दीपकचा फोन आला तेव्हा कुठे देवांना कोरडं नेसायला मिळालं.

तेव्हापासून ‘भुरभुर’ हा शब्द आमच्या घराण्यात बंद झाला आहे. मुंबईत पाऊस आहे म्हटलं की आत्या आधी विचारते, “कुलाबा की सांताक्रूझ?” मुंबईचे हे दोन आकडे वेगवेगळे का मोजतात, हे आमच्या घरातल्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. शाळेत ते कुणी शिकवलेलं नाही.

हवामान खात्यावर तिचा राग असा नाही. पण त्यांची भाषा तिला पटत नाही. ‘कोकणात तुरळक ठिकाणी अतिमुसळधार’ असं टीव्हीवर आलं की आपण ‘तुरळक’ ऐकतो आणि चॅनेल बदलतो. आत्याच्या मते तुरळक ठिकाण म्हणजे नेमकं आपलं माणूस राहतं ते ठिकाण. पिवळा इशारा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कामाला लागा, अशी सरकारी श्रेणी आहे. ती पिवळ्यालाच कामाला लागते. नारिंगीला शेजाऱ्यांना फोन जातात. लाल आला की मात्र ती शांत असते, कारण तोवर सगळ्यांना सांगून झालेलं असतं आणि आता चूक झाली तर ती त्यांची.

व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर ती सकाळी ‘सर्व सुखरूप?’ असं टाकते. आपण अंगठा दाखवून सुटू पाहतो. अंगठा चालत नाही. “अंगठा कुणीही दाबेल. आवाज ऐकव.” मग माणसं मीटिंगमधून बाहेर येऊन, जिन्यात उभी राहून, हळू आवाजात ‘मी जिवंत आहे’ अशा अर्थाचं काहीबाही बोलून दाखवतात. चेन्नईच्या विनयाने एकदा वैतागून आदल्या दिवशीचाच आवाज पुढे ढकलला. आत्याने तो ऐकला आणि लिहिलं, ‘मागे कुकरची शिट्टी कालचीच आहे.’ पण विनयालाही तिला तोडून बोलता येत नाही. २०१५ च्या डिसेंबरात अड्यार नदी घरांत शिरली तेव्हा ‘तलावातून पाणी सोडलं का ते बघ, पावसाकडे बघत बसू नकोस’ असं तिला सांगलीहून कळलं होतं.

कक्षाचं सगळ्यात नाजूक प्रकरण म्हणजे चिपळूण. कमलआत्या ही शालूआत्याची धाकटी बहीण, आणि या दोघींच्या मध्ये सह्याद्री आणि कोयना धरण उभं आहे. कोयनेचं पाणी दोन्हीकडे जातं हे बाहेरच्यांना पटकन कळत नाही. सांडव्यातून सोडलं की नदीच्या वाटेने कराडला कृष्णेत येतं आणि पुढे सांगलीला. पोफळीकडे वीज करून उतरवलं की वाशिष्ठीत, म्हणजे चिपळूणला. त्यामुळे जुलैत दोघी बहिणींच्या फोनवर भारत-पाकिस्तानच्या बोलण्यांनाही नसतो एवढा सावधपणा असतो. शालूआत्या म्हणते, “तिकडे वीज जास्त करत नाहीयेत ना गं?” कमलआत्या म्हणते, “तिकडे दरवाजे किती फुटांवर आहेत?” दोघींनाही दुसरीची मनापासून काळजी आहे आणि दोघींनाही पाणी दुसरीकडून गेलं तर बरं वाटेल. हे तोंडाने कुणी म्हणत नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा मात्र शालूआत्याने तीन दिवस कोयनेचा उल्लेखही केला नाही. कमलआत्या माडीवर अडकलेली होती, आणि तिचा फोन लागल्यावर शालूआत्याचं पहिलं वाक्य होतं, “आमच्याकडे वळवायला हवं होतं.” मी ते स्पीकरवर ऐकलं आहे. त्यात एरवीचं राजकारण शून्य होतं. दुसऱ्या दिवशी सांगलीच्या घाटावर पाणी चढल्यावर तिने ते वाक्य मागे घेतलं हा भाग वेगळा.

भूकंप आत्याच्या वहीत नाही. याचं मला आश्चर्य वाटायचं. १९६७ च्या ११ डिसेंबरला पहाटे कोयनेला धक्का बसला तेव्हा ती शाळकरी होती. सगळं घर ब्लँकेटं गुंडाळून अंगणात आलं आणि आजी पुन्हा आत गेली ती दुधावर झाकण ठेवायला, हे ती रंगवून सांगते. १९९३ च्या किल्लारीबद्दल बोलताना तिचा आवाज बदलतो: गणपती पोचवून माणसं झोपली होती ती झोपलीच. पण वहीत रकाना नाही. “त्याला आधी नोटीस नसते,” ती म्हणाली. “काळजी कधी करणार?”

मला वाटतं, आत्याचं सगळं शास्त्र या एका वाक्यात आहे. काळजीला मुदत लागते. पाणी चढायला वेळ घेतं, वादळ समुद्रात दोन-तीन दिवस रेंगाळतं, ते इकडे येईल की तिकडे जाईल याचे पट्टे नकाशावर निघतात. तेवढ्या अवकाशात माणूस फोन करू शकतं, देव पाण्यात ठेवू शकतं, पोहे भाजून डब्यात भरून कुणाबरोबर तरी पाठवू शकतं. आणि अंतर लागतं. समोर उभ्या माणसाची काळजी करता येत नाही. त्याला हाताला धरून बाजूला करता येतं. म्हणून लेक ह्यूस्टनला गेली तेव्हा आत्या खूप रडली, आणि मग तिने अमेरिकेच्या आखाती किनाऱ्याचा नकाशा भिंतीला लावला.

ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वे नावाचं वादळ टेक्ससला धडकलं आणि जागचं हलेना. माधुरीचं घर पश्चिम ह्यूस्टनमध्ये, बफेलो बायू नावाच्या ओढ्यापासून फार लांब नाही. आमच्या सगळ्यांच्या सूचना एकाच प्रकारच्या होत्या: जपा, घराबाहेर पडू नका, खायला भरून ठेवा. आत्याने एकच विचारलं, “वर धरण आहे का?” जावई म्हणाले, छे, इथे सपाट जमीन, कुठलं धरण? नातवाने शोधून काढलं. अॅडिक्स आणि बार्कर ही दोन पूरनियंत्रणाची धरणं वरच्या अंगाला होती. एरवी कोरडी, त्यामुळे तिथे राहणाऱ्यांनाही ती बाग वाटायची. “विसर्ग किती करणार म्हणतायत?” नातवाने आकडा वाचून दाखवला, आणि तो घनफूट प्रतिसेकंदात आहे म्हणाला. “म्हणजे क्युसेकच की रे!” आत्याच्या आवाजात एवढा आनंद त्या आठवड्यात पहिल्यांदा आला. इतकं दूर, परक्या देशात, पण पाणी आपल्याच मापात मोजतात.

मग तिने हुकूम सोडला: पाऊस थांबला म्हणून फसू नका, सोडलेलं पाणी ऊन पडल्यावर येतं, कागदपत्रं घ्या, गाड्या उंचावर लावा आणि तिथून निघा. जावई इंजिनिअर. त्यांना सासूचं ऐकणं जड गेलं, पण माधुरीने बॅगा भरल्या होत्या. २८ तारखेला पहाटे दोन्ही धरणांचे दरवाजे उघडले आणि पुढच्या दिवसांत त्यांच्या गल्लीत पाणी शिरलं, ते बरेच दिवस उतरलं नाही. आत्याने याचा डंका पिटला नाही. फक्त वहीत जावयांच्या नावापुढे शेरा आला: ‘धरण माहीत नव्हतं.’

आता २०१९. सांगलीत पाऊस किती पडला हे कुणी विचारत नाही, विचारतात, “आयर्विनला किती?” १९२९ साली व्हाइसरॉय आयर्विनच्या नावाने उघडलेला हा कृष्णेवरचा पूल हीच गावाची पट्टी. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. नदीकाठच्या माणसाला पूर नवा नसतो. नरसोबाच्या वाडीला दक्षिणद्वार झालं, म्हणजे नदी देवळात शिरून पादुकांवरून वाहिली, की लोक त्या पाण्यात स्नानाला जातात. आत्याही गेली आहे. २००५ च्या पाण्याची खूण तिच्या वाड्याच्या जिन्यावर होती आणि त्याच्या वर नदी येत नाही असा सगळ्या बोळाचा समज होता.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तो समज पाण्याखाली गेला. आकडा सत्तावन्न फुटांच्या वर पोचला. आणि आम्ही सगळ्यांनी, ज्यांच्या ज्यांच्या नावाची ओळ त्या वहीत आहे त्या सगळ्यांनी, एकाच वेळी सांगलीला फोन लावायला सुरुवात केली.

जी बाई पार्किंगमधल्या पाण्यासाठी वॉचमनला उठवते ती काय आकांत करेल, या कल्पनेने मी घाबरत फोन लावला. पलीकडून भांड्यांचा आवाज येत होता. “आयर्विनला बावन्न. तासाला दोन इंच चढतंय. मी कामात आहे.” फोन बंद. दीपकला म्हणाली, “चार्जिंग जातंय, ठेव.” विनयाने विचारलं, आत्या तुला भीती नाही वाटत? तर म्हणाली, “गव्हाची कोठी माळ्यावर चढवायचीय गं, मग सांगते.” खालचं बिऱ्हाड तिने वर घेतलं. सिलिंडर वर घेतला. पिठाचे डबे, अंथरुणं, बिऱ्हाडाच्या पोराची दहावीची पुस्तकं. सगळ्यांसाठी देव पाण्यात ठेवणाऱ्या बाईने पाणी दारात आल्यावर देव उचलले, कोरड्या फडक्यात गुंडाळले आणि पिशवीत टाकले. माधुरीने ग्रुपवर लिहिलं, ‘आई, सुखरूप?’ त्यावर सांगलीहून उत्तर आलं: अंगठा.

त्याच पुरात ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली नाव उलटली. आत्याच्या गॅलरीशी बोट लागली तेव्हा ती आधी आत किती माणसं आहेत ते मोजत बसली आणि जास्त वाटली म्हणून पुढच्या फेरीला थांबली. बचाव पथकाच्या जवानांनी तिला हिंदीत समजावलं, तिने त्यांना मराठीत समजावलं. पुढच्या फेरीला ती जॅकेटचे पट्टे स्वतः तपासून बोटीत बसली, मांडीवर देवांची पिशवी आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली वही. आणि हरभट रोडवरून, दुकानांच्या पाट्यांच्या उंचीवरून बोट चाललेली असताना, राहिलेल्या चार टक्के बॅटरीवर तिने ह्यूस्टनला फोन लावला.

“तुमच्याकडे सीझन सुरू झाला ना? जून ते नोव्हेंबर?”

“आई, तू बोटीत आहेस!” माधुरी रडत होती.

“मी बोटीतच आहे. तू तुझं सांग.”

विश्रामबागेत मैत्रिणीकडे पोचल्यावर, गरम पाण्याने आंघोळ झाल्यावर, चहाचा कप हातात आल्यावर तिला काळजी सुरू झाली. कोल्हापूरच्या चुलत्यांची. मग कराडची. मग आलमट्टीची, म्हणजे आलमट्टीवाले दरवाजे किती उघडतायत याची. पुढे सरकारने नेमलेल्या समितीने या पुराचा ठपका आलमट्टीवर ठेवला नाही. समितीने तिला सोडलं. आत्याने सोडलेलं नाही.

आम्हीही आता थोडे तिच्यासारखे झालो आहोत. २५ जुलै २०२४ च्या पहाटे पुण्यात सिंहगड रोडला एकतानगरीत मुठेचं पाणी शिरलं. आमचं कोथरूड कोरडं होतं, पण बातमी बघून मला वाटलं, आत्याला कळायच्या आत आपणच कळवावं. आयुष्यात पहिल्यांदाच आपणहून, सकाळी सातला, मी तिला फोन केला. एका रिंगमध्ये उचलला.

“काय झालं?” आवाज कापत होता. आमच्याकडे फोन तिकडून येतात. इकडून गेला म्हणजे कुणीतरी गेलं.

“काही नाही आत्या, आम्ही सगळे ठीक आहोत. म्हटलं, सांगावं.”

बराच वेळ नुसता श्वास. मग खुर्ची ओढल्याचा आणि वहीची पानं उलटल्याचा आवाज.

“खडकवासल्यातून किती सोडलंय?”

“ते... बघितलं नाही.”

“पस्तीस हजारांच्या वर. माहिती नाही तर फोन कशाला केलास?”